पॅकहाऊस ते नाशिक ऑफिस: नेटवर्कच्या वेगाचा हिशोब, प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर २०२४, पिंपळगाव बसवंत

द्राक्षं निवडून भरायच्या नव्या पॅकहाऊसची पहिली भेट. ऑक्टोबर छाटणीच्या बागांचा माल जानेवारीत सुरू होईल, त्याआधी नेटवर्क उभं राहायला हवं. इथे १६ कॅमेरे, ग्रेडिंगच्या टेबलांपलीकडे एक काटा आणि रेकॉर्डिंग साठवायला एक स्टोरेज आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या ऑफिसात तसंच दुसरं स्टोरेज बसेल. दोन्हीकडे फायबर, वेग दोन्ही दिशांना सारखा, कागदावर '१०० एमबीपीएस'.

शेठचं म्हणणं सरळ आहे: "रात्री दहाला कॉपी लावली की सकाळी सहाच्या आत सगळं नाशिकला पोचलेलं पाहिजे. परदेशातून कोणी पॅलेटचा फोटो किंवा लोडिंगचं रेकॉर्डिंग मागितलं तर ऑफिसातून पाच मिनिटांत निघालं पाहिजे." म्हणजे हातात आठ तास.

आधीच्या माणसाने रॅकच्या दारावर पेन्सिलीने हिशोब लिहून ठेवलाय: 'रोज ३०० जीबी, स्पीड १०० एमबी, वेळ ५० मिनिटं.' भागाकार बरोबर आहे. ३,००,००० ला १०० ने भागलं की ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटंच. चूक एककात आहे. वर बाइट आहेत, खाली बिट, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तो हिशोब धरला तर १०० मेगाबिटच्या लाईनवरून सेकंदाला १२.५ मेगाबाइट जातात. ३०० गिगाबाइटला २४,००० सेकंद, ६ तास ४० मिनिटं. पन्नास मिनिटं नव्हेत.

हाच आकडा शेठना सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तरी आठ तासांत बसतंय ना?" बसतंय, पण आज मी हो म्हटलं नाही. अजून दोनतीन गोष्टी मोजायच्या आहेत.

५ डिसेंबर, नाशिक

काल रात्री त्या पेन्सिलीच्या नोंदीचाच विचार चालला होता. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी धाकटं अक्षर आणि बाइटसाठी मोठं, एवढाच काय तो फरक, आणि तो तिथेही सारखा निसटतो. आपल्याकडे तर तोही नाही. देवनागरीत 'बी' एकच. 'शंभर एमबीचं कनेक्शन घेतलं' आणि 'शंभर एमबीची फाइल आली' ही दोन्ही वाक्यं आपण एकाच तोंडाने बोलतो, त्यातला पहिला एमबी दुसऱ्याचा आठवा हिस्सा आहे हे कानाला कळूच शकत नाही. लिहून काढलं तरी डोळ्याला कळत नाही.

म्हणून या कामापुरता नियम: वहीत, फळ्यावर, लेबलवर कुठेही नुसतं 'एमबी' लिहायचं नाही. मेगाबिट किंवा मेगाबाइट, पूर्ण शब्द. वेग असेल तर पुढे 'दर सेकंदाला'. दोन शब्द जास्त पडतात, पडू देत.

९ डिसेंबर, पिंपळगाव

आजची नोंद लांबणार, कारण सगळा गुंता आज सुटला.

चाचणीसाठी कॅमेरे दिवसरात्र चालू ठेवले होते. एका दिवसाचं फोल्डर विंडोजमध्ये उघडलं, गुणधर्म पाहिले: ३०० जीबी. आधीच्या माणसाचा आकडाही इथूनच आलेला. पण विंडोजचा जीबी आणि लाईनवाल्याचा गिगा एक नव्हेत. नेटवर्कमध्ये किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, यात कधीच अपवाद नाही. विंडोज मात्र १,०२४ च्या पायरीने चढतं, आणि नाव तेच ठेवतं. त्याचा एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. शंभर कोटीहून सात टक्क्यांपेक्षा जास्त. म्हणजे आपलं फोल्डर लाईनच्या भाषेत ३०० नव्हे, ३२२ गिगाबाइट आहे. २४,००० सेकंदांचे २५,७७० झाले: ७ तास १० मिनिटं.

या १,०२४ वाल्या मापांना वेगळी नावं आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ साली किबी, मेबी, गिबी अशी नावं ठरवून दिली. लिनक्सवरच्या बऱ्याच आज्ञांमध्ये ती दिसतात, विंडोजने ती घेतली नाहीत. मला यात आपल्या जुन्या मापांचीच गोष्ट दिसते. माझे आजोबा मण म्हणायचे तेव्हा कुठला मण, कच्चा की पक्का, हे विचारावं लागायचं. शेर एका गावचा वेगळा, दुसऱ्या गावचा वेगळा. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने किलो आणि क्विंटल आले आणि तो प्रश्नच संपला. संगणकाच्या मापांत नाव १९९८ ला मिळालं, पण बाजार अजून जुन्याच बोलीत चालतो.

दुपारी काट्यावरच्या काकांना हे सांगत होतो. ते म्हणाले, "लासलगावला कांदा क्विंटलवर बोलतात, इथे द्राक्ष किलोवर. दोन्हीकडे हिंडणारा माणूस आधी विचारतो, कशावर बोलताय?" मग त्यांनी हातातला क्रेट काट्यावर ठेवला आणि धडा केला. रिकाम्या क्रेटचं वजन वजा होऊन काटा शून्यावर आला. "क्रेटसकट मोजलं तर शेतकऱ्याचं नाही, आपलं नुकसान."

नेमकं तेच तिसरं काम राहिलं होतं, धडा करायचं. तारेवरून जाणारे १०० मेगाबिट हे क्रेटसकट असतात. इथरनेटच्या, म्हणजे तारेच्या नेटवर्कच्या, एका फ्रेममध्ये (एका पाकिटात) जास्तीत जास्त १,५०० बाइटचा माल मावतो. त्याच्याबाहेर पत्त्याचे १४, तपासणीचे ४, सुरुवातीच्या इशाऱ्याचे ८ आणि दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेचे १२, एकूण ३८ बाइट. म्हणजे तार १,५३८ बाइटइतका वेळ गुंतते. त्या १,५०० मध्येही आयपी (पत्ता) आणि टीसीपी (क्रम आणि पोच) या नियमांच्या नोंदींचे २०-२० आणि वेळेच्या शिक्क्याचे १२ जातात. उरतात १,४४८. भागाकार केला की ९४.१ टक्के. १०० मेगाबिटची लाईन निव्वळ मालाचे ९४.१ मेगाबिटच नेऊ शकते, आणि यात कोणी फसवत नाही. ७ तास १० मिनिटांचे ७ तास ३६ मिनिटं झाले.

दोन स्टोरेजमध्ये वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बंद बोगदा टाकणार आहोत, कारण हे रेकॉर्डिंग उघड्या इंटरनेटवरून पाठवायचं नाही. बोगद्याचाही एक क्रेट असतो. त्याची नेहमीची मर्यादा १,४२० बाइटची, त्यातून निव्वळ माल १,३६८, आणि वर बोगद्याचे स्वतःचे ६० आणि फ्रेमचे ३८ बाइट. १,५१८ पैकी १,३६८, म्हणजे ९०.१ टक्के.

वहीच्या पानावर चारही ओळी एकाखाली एक लिहिल्या:

पेन्सिलीची नोंद: ५० मिनिटं
बिट-बाइट सुधारून: ६ तास ४० मिनिटं
विंडोजचा जीबी सुधारून, फ्रेमचा धडा करून: ७ तास ३६ मिनिटं
बोगद्यासह: ७ तास ५७ मिनिटं

आठ तासांत तीन मिनिटं शिल्लक, तीही लाईनवर दुसरं काहीच नसेल आणि ती एकदाही अडखळली नाही तर.

१० डिसेंबर

शेठना पान दाखवलं. कॅमेऱ्यांची वरची मर्यादाही सांगितली: प्रत्येक कॅमेरा २,०४८ किलोबिट दर सेकंदाला, १६ कॅमेरे, ८६,४०० सेकंद. ३५४ गिगाबाइट. हंगामात सगळ्या टेबलांवर हालचाल असेल तेव्हा रेकॉर्डिंग या मर्यादेकडेच सरकेल आणि बोगद्यातून कॉपीला पावणेनऊ तास लागतील. सकाळी सहाला शेपूट उरलेलंच असेल.

मोठी लाईन घ्यायची की पाठवायचं कमी करायचं, यावर ते विचार करणार आहेत. माझं मत त्यांना स्पष्ट सांगितलं: पार्किंगचं आणि मागच्या भिंतीचं रेकॉर्डिंग रोज नाशिकला नेण्याची गरज नाही.

१२ डिसेंबर, पिंपळगाव

थंडी मी म्हणत होती, रॅकपाशी बोटं वळत नव्हती.

आतलं नेटवर्क तपासलं. लॅपटॉपवरून स्टोरेजवर फाइल टाकली, विंडोजच्या खिडकीत वेग ११.२ एमबी दर सेकंदाला. सोबतचा मुलगा म्हणाला, "सर, हार्डडिस्क स्लो आहे." डिस्क बदलायच्या आधी आकडाच वाचायला बसवलं. ११.२ गुणिले ८, ८९.६. तो म्हणाला नव्वद मेगाबिट. मी म्हटलं थांब, हा विंडोजचा एमबी आहे, १०,४८,५७६ बाइटचा. ११.२ गुणिले १०,४८,५७६ गुणिले ८ केलं: जवळजवळ ९४ मेगाबिट. परवाच्या धड्याचा आकडा ९४.१. म्हणजे ही संथ डिस्क नव्हे. ही १०० मेगाबिटची तार काठोकाठ भरून वाहतेय. डिस्क संथ असती तर आकडा असा बरोबर त्या रेषेवर येऊन थांबला नसता.

पण नेटवर्कचा स्विच (तारा एकत्र जोडणारा डबा) आणि स्टोरेज दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १,००० मेगाबिटचे. मग मधली केबल. टेस्टर लावला, चौथ्या आणि पाचव्या दिव्याने मान टाकली. निळी जोडी. १०० मेगाबिटला चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. म्हणून लिंक जोडली जाते, दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं. गिगाबिटला आठही तारा हव्यात, त्यामुळे निळी जोडी तुटली की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात. टोक कापलं तर निळ्या जोडीच्या दोन्ही तारा प्लगच्या पात्यांखाली पोचल्याच नव्हत्या, एक सूत मागे राहिलेल्या. नवा आरजे-४५ प्लग बसवून क्रिंप केला. आता खिडकीत ११२.

त्या मुलाने स्वतःहून उलटा हिशोब केला आणि ९४० वर आला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझा अर्धा दिवस सार्थकी लागला.

१३ डिसेंबर

काटा जोडला. त्याचं यंत्र जुन्या सिरियल पोर्टने वजन पाठवतं, वेग ९,६०० बॉड. इथे आठाने भागायचं नाही, दहाने. प्रत्येक अक्षरासोबत एक सुरुवातीचा बिट आणि एक शेवटचा बिट जातो, ८ चे १० होतात. सेकंदाला ९६० अक्षरं. काट्याचा संदेश १८ अक्षरांचा, सेकंदाला दहा वेळा येतो, १८० अक्षरं. भरपूर जागा आहे.

बॉड आणि बिट एक नव्हेत, हेही मुलाला सांगितलं. बॉड म्हणजे सेकंदाला किती इशारे बदलतात ते. सिरियल तारेवर एका इशाऱ्यात एकच बिट, म्हणून दोन्ही आकडे सारखे दिसतात. जुन्या २,४०० बिटच्या मोडेममध्ये इशारे ६०० च होते, प्रत्येकात ४ बिट भरलेले. नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याचं.

१८ डिसेंबर, सातपूर ऑफिस

शेठचा निर्णय आला: सात कॅमेरे नाशिकला जातील. आवकेचं गेट, काटा, ग्रेडिंगचे दोन, पॅलेट बांधणी, प्रीकूलिंगचं दार आणि कंटेनर लोडिंग. बाकीचे नऊ पिंपळगावलाच राहतील.

ऑफिसात शेजारच्या गाळ्यातले एक काका चहाला आले होते, दूरसंचार खात्यात आयुष्य काढलेले. फळ्यावरचे २,०४८ किलोबिट पाहून त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "ही तर आमची टेलिफोनची ई-१ लाईन." मला कॅमेऱ्याचा आकडा १,०२४ च्या दुपटीमुळे आलेला वाटत होता, त्यांचा २,०४८ मात्र वेगळ्या वाटेने आलेला. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक ८ बिटचा, म्हणजे एका संभाषणाला ६४,००० बिट. असे ३२ कप्पे एका तारेत (त्यातले ३० बोलण्याचे), ६४ गुणिले ३२, २,०४८ किलोबिट. यातला किलो निखळ हजाराचा. त्यांनी हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं, एकदाही न अडखळता. आपल्याकडे ब्रॉडबँडची किमान व्याख्या २००४ साली २५६ किलोबिट होती, २०१३ ला ५१२ झाली आणि २०२३ ला २ मेगाबिट. त्यांच्या काळात एका लाईनवर तीस माणसं बोलत होती, तोच वेग आता एका कॅमेऱ्याला लागतो, हे ऐकून ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले.

सात कॅमेऱ्यांचा हिशोब वरच्या मर्यादेने: १५४.८ गिगाबाइट, बोगद्यातून ३ तास ४९ मिनिटं.

२३ डिसेंबर, सातपूर ऑफिस

बोगदा सुरू. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने ६० सेकंदांची चाचणी घेतली, पिंपळगाव ते सातपूर. शेवटच्या ओळीत दोन आकडे: ६३४ मेगाबाइट आणि ८८.६ मेगाबिट दर सेकंदाला. हिशोबाने वरची मर्यादा ९०.१, तेव्हा ८८.६ उत्तम.

ऑफिसातल्या ताई माझ्यामागे उभ्या राहून बघत होत्या. हिशोबनीस आहेत, आकडा दिसला की ताळा करतात. कॅल्क्युलेटरवर ६३४ गुणिले ८ भागिले ६० करून म्हणाल्या, "सर, ८४.५ येतंय. यात चार कमी आहेत." एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आयपर्फ बाइट मोजताना १,०२४ ची पायरी धरतं आणि बिट मोजताना १,००० ची, एकाच ओळीत. ६३४ ला १.०४८५७६ ने गुणलं की ८८.६ बरोबर जुळतात. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, जुळलं, तेव्हाच त्या जागेवर गेल्या.

लाईन कमी वेगाची मिळाली म्हणून कंपनीकडे भांडायला जाणाऱ्या किती लोकांचे ते चार मेगाबिट असे रूपांतरात हरवलेले असतील. आणि खरोखर कमी वेग मिळत असेल तर तोही याच हिशोबाने सिद्ध करता येतो. त्यासाठी आपला ताळा पक्का हवा.

२७ डिसेंबर

स्टोरेजच्या डिस्कचा प्रश्न. डिस्कच्या खोक्यावर १२ टेराबाइट, विंडोजमध्ये १०.९. डिस्कमध्ये काही गेलेलं नाही, खोकं हजाराने मोजतं आणि विंडोज १,०२४ ने. शेठना ३० दिवसांचं रेकॉर्डिंग पिंपळगावला ठेवायचंय. १६ कॅमेरे, दिवसाला ३५४ गिगाबाइट, १२ टेराबाइटमध्ये जवळपास ३४ दिवस. विंडोजचे १०.९ घेऊन त्याला ३५४ ने भागलं असतं तर ३१ दिवसही पुरते आले नसते आणि जागा अगदी काठावर आहे असं उगाच वाटलं असतं.

२ जानेवारी २०२५, पिंपळगाव

लेबलं चिकटवली. रॅकच्या दारावरची पेन्सिल पुसली नाही, तिच्याखाली पांढऱ्या पट्टीवर लिहिलं: 'पिंपळगाव–सातपूर लाईन १०० मेगाबिट दर सेकंदाला, निव्वळ सुमारे ११ मेगाबाइट दर सेकंदाला.' ११ कारण ८८.६ भागिले ८ म्हणजे ११.०७५.

८ जानेवारी, सातपूर ऑफिस

पहिल्या मालाची पहिली रात्र. काल दिवसभरात सात कॅमेऱ्यांचं फोल्डर विंडोजमध्ये १३८ जीबी, म्हणजे १४८.२ गिगाबाइट. रात्री दहाला कॉपी सुरू झाली. वहीत आधीच लिहून ठेवलं होतं: ३ तास ४३ मिनिटं, १ वाजून ४३ मिनिटांनी संपेल. नोंदीत संपल्याची वेळ १ वाजून ४६ मिनिटं.

सकाळी ऑफिसात आलो तर फळ्यावर ताईंच्या अक्षरात कालच्या रात्रीची ओळ होती, गिगाबाइट पूर्ण शब्दात. शेजारी त्यांनी एक रकाना वाढवलाय, त्याचं नाव 'फरक', आणि त्यात ३ मिनिटं. उद्या विचारणार आहेत ती कुठे गेली. लहान फाइल्स खूप आहेत, प्रत्येक फाइलमागे थोडा वेळ जातो असा माझा अंदाज आहे. उद्या सगळ्या फाइल्स एका गठ्ठ्यात बांधून पाठवून मोजतो.